रजईत शिवलेलं पुस्तक

आधीच सांगते, माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन मला कधी आलंच नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल कमी आणि सुई जास्त राहिली. वेलांटी पहिली की दुसरी हे आठवेनासं झालं की मी तिथं अक्षर मुद्दाम गिचमिड काढते. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. वही नातीची आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली. दुपारी भांडी झाली की दोन पानं लिहायची आणि वही तुरीच्या डाळीच्या डब्यात घालून ठेवायची, असं चाललंय.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून असंच. दुकानात तेल मागायचं तर मी बाटली पुढं करायची आणि दुकानदारानं ओळखायचं. त्यानं माझं फारसं कधी अडलं नाही. पण एक दिवस असा आला की एकच वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही, आणि त्याचं जे काय झालं ते माझ्या बहिणीनं सोसलं. तेवढंच लिहायचं आहे.

तीर्थपुरीला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. बापू मोंढ्यात मापाडी. सकाळपासून त्यांचा आवाज भिंतीवरून घरात यायचा. मापाडी एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, आणि बापूंचं ते ‘लाऽऽभ’ ऐकलं की मी चुलीवर तवा ठेवायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तेल. आई गेल्यावर घर माझ्यावर पडलं आणि म्हणून माझं लग्न लांबलं. विसावं लागलं तरी मी घरातच होते. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण गया, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जाफराबादकडच्या एका गावात दिलेली. बापू वाईट नव्हते. त्यांच्या तागडीत कोणाचं पावशेर इकडचं तिकडं झालं नाही. फक्त जे तागडीत घालता येत नाही त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

घरखर्चाला हातभार म्हणून मी खातूनबीच्या अंगणात रजया शिवायला जायची. खातूनबीचं घर पिंजाऱ्याचं. तिचा नवरा पडवीत कापूस पिंजायचा, तारेचा तो आवाज, तंऽय तंऽय, दिवसभर. त्या अंगणात बसलं की केसांत, भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडं कापूस. मी तिला खाला म्हणायची. रजई पसरली की चार बाजूंना चौघी बसायच्या आणि आपापल्या कडेनं टाके घालत मधोमध यायच्या. खाला, मी, साळूआत्या नावाची एक म्हातारी विधवा, आणि चौथी जी कोणी असेल ती. साळूआत्याला डोळ्यांनी कमी दिसायचं पण तिचा टाका सगळ्यांत सरळ. ती बोटानं शिवायची.

वाचायची सुरुवात कशी झाली ते सांगते. बाजारपेठेच्या टोकाला नानांचं रद्दीचं दुकान होतं. नाना रद्दी किलोवर घ्यायचे, पण त्यात कादंबरी निघाली की बाजूला काढायचे, सुटी पानं दाभणानं शिवून घ्यायचे, पहिल्या पानावर जांभळ्या शाईनं नंबर टाकायचे आणि आठवड्याला चार आणे भाड्यानं द्यायचे. खालानं शिवणाचा दोरा गुंडाळायला म्हणून मला रद्दी आणायला धाडलं, आणि नानांनी चुकून तसलंच एक पुस्तक त्यात दिलं. मुखपृष्ठ नव्हतं. मी दोरा गुंडाळायच्या आधी सहज एक पान वाचलं, मनातल्या मनात. साळूआत्या म्हणाली, “ओठ हलवून राह्यली तर आवाज बी काढ की. आम्ही काय भिंती हायेत का?”

मी वाचलं. माणसांत बोलता न येणारी मी, पण कागद समोर धरला की तोंड झाकल्यासारखं व्हायचं आणि आवाज निघायचा. त्या अंगणात वाचता येणारी मी एकटीच. मग असं ठरलं की मी वाचायचं आणि माझ्या कडेचे टाके बाकीच्या तिघींनी वाटून घालायचे. मजुरीत माझा हिस्सा पुरा. खालाच म्हणाली, “पढना बी काम हाय. गला सूखता ना इसका.” माझ्या कामाला काम म्हणणारं ते पहिलं माणूस.

ती पुस्तकं कसली होती हे लपवायचं नाही असं मी ठरवलंय. प्रेमाची होती. नुसतं पत्र लिहिण्याचं आणि झुरण्याचं प्रेम नव्हे. त्यात बाई आणि पुरुष एका खोलीत यायचे, दार लागायचं, आणि लिहिणारा दाराबाहेर थांबायचा नाही. आत काय होतं ते तो सांगायचा. हात कुठं होता, श्वास कसा झाला, बाईला काय वाटलं. असं आलं की मला हमखास खोकला यायचा. दोन ओळी गिळून मी पुढं जायची. एक दिवस साळूआत्या सुई थांबवून म्हणाली, “बराबर त्याच्या हाताशीच कसा गं येतो तुला खोकला? तो जिना चढतो तवा न्हाई येत, चहा पितो तवा न्हाई येत.” खाला इतकी हसली की तिच्या हातातला कापूस उडाला. “मागं जा,” साळूआत्या म्हणाली. “मी बावीस वर्सं रांडावलेली बाई. माझ्यापासून काय लपवती?” मग मी मागं गेले आणि त्या दोन ओळी वाचल्या, मान खाली घालून, जवळजवळ कुजबुजत. कोणी हसलं नाही. तीन सुया चालू होत्या आणि पडवीतली तार वाजत होती. साळूआत्यानं नाक ओढलं आणि म्हणाली, “आमचे हे असते तर असेच होते. गेले बिचारे.” तिनं नवऱ्याचं एवढंही कौतुक कधी कोणापुढं केलं नव्हतं.

माझी नात जालन्याला कॉलेजात आहे. ती सांगते की असल्या कादंबऱ्यांना साहित्य म्हणत नाहीत, त्यांच्या मॅडम म्हणतात हा फावल्या वेळचा चाळा आहे. मला मॅडमशी वाद घालता येणार नाही. पण आम्ही डोळे झाकून काहीही घेत नव्हतो, एवढं मी सांगू शकते. एका पुस्तकात नायक बाईला मनगट धरून ओढत नेतो, ती रडते, आणि पुढच्या पानावर तिला तो आवडायला लागतो. खालानं मधेच हात वर केला. “बंद कर. ये झूटी किताब हाय. जिसने ऐसा खिंचा उसपे दिल नहीं आता, डर आता. बदल के ला.” मी नानांकडं गेले आणि न बोलता पुस्तक पुढं केलं. नानांनी विचारलं, “फाटलंय का?” मी नाही म्हणून मान हलवली. “मंग?” मोठ्या कष्टानं मी म्हणाले, “खोटं आहे.” नानांनी माझ्याकडं बघितलं, दुसरं दिलं आणि चार आणे परत केले. आम्ही त्या अंगणात चांगलं आणि वाईट निवडत होतो. जे खरं वाटलं ते ठेवलं. बाईला माणूस म्हणून लिहिलंय की नाही, हे आम्हाला पानभर वाचलं की कळायचं. धान्य निवडतो तसंच ते. कुठल्याही चांगल्या पुस्तकाचं याहून वेगळं काय बघतात, हे मला कोणी सांगावं.

त्या वर्षी दिवाळीला आक्का माहेरी आली आणि तुळशीचं लग्न झालं तरी परत गेली नाही. ती चौथी म्हणून रजईला बसायला लागली. आधी ती ऐकतही नव्हती. मुकाट टाके घालायची. मग एका दुपारी मी वाचत होते, त्यात तो माणूस बायकोच्या जवळ येऊन विचारतो, आज तुला बरं वाटतंय का, मी इथं बसू का. आक्काची सुई थांबली.

“असं इचारतेत व्हय?” ती म्हणाली.

तिनं आमच्या तिघींकडं आळीपाळीनं बघितलं.

“म्हणजे पुस्तकात, का खरंच?”

खाला म्हणाली, “हमारे वो पूछते. मुंह से नहीं पूछते. चाय ला के रखते, फिर बैठते दूर. मैं सरकी तो सरकते.” तिचा नवरा पडवीत दहा पावलांवर पिंजत होता, त्याला ऐकू येत नसेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना आक्कानं मला सांगितलं. दाजी मारत नव्हते, शिवी देत नव्हते. फक्त लग्नाला पाच वर्षं झाली, दिवा गेला की ते यायचे आणि काम झालं की कूस बदलायचे, मधे एक शब्द नाही. “मला वाटायचं हे असंच असतं,” ती म्हणाली. “दुखतं बी असंच, आन् आपण छताकडं बघायचं बी असंच. दुसरं काय असतं हे कोणाला इचारणार? आई न्हाई. सासूला इचारू?” तिनं चादर पिळली. पिळून पाणी गेलं तरी ती पिळतच राहिली.

त्या महिन्यात दाजी तिला न्यायला आले. आक्का त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली, मी चहा घेऊन निघाले होते म्हणून ऐकलं. ती म्हणत होती, “मी येते. पन् मला आधी इचारत जा. मी न्हाई म्हणले तर त्या दिशी न्हाई.” दाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मग म्हणाले, “हे कोणी शिकवलं?” ती म्हणाली, “कोणी न्हाई.” ते रागावले नाहीत. चहा प्यायले आणि एकटेच गेले. पण पुढच्या बाजाराला पुन्हा आले. पिशवीत पेरू होते. ओसरीवर बसून त्यांनी आक्काला विचारलं, “मीठ लावून खाती का तसाच?” आक्का पेरू हातात घेऊन आत आली आणि मला म्हणाली, “द्वारके, इचारलं गं.” तिचं ते तोंड मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. संक्रांतीपर्यंत राहून ती सुखानं सासरी जाणार होती. तसं दोघांत ठरलं होतं.

आता त्या चुकीबद्दल. पावसाळ्यात नानांच्या दुकानाचे पत्रे गळायचे, म्हणून त्यांनी दहा पुस्तकं माझ्या भरवशावर खालाच्या कापसाच्या कोरड्या खोलीत ठेवली होती ती अजून तिथंच होती, आणि एक आम्ही वाचत होतो. सत्तावीस नंबर. त्यात एक खानावळ चालवणारी बाई होती, मंदा नावाची, आणि तिच्याकडं दोन वेळा जेवायला येणारा एक मोजणीचा कारकून. आम्ही अशा ठिकाणी आलो होतो की खानावळ बंद झालेली आहे, तो दाराबाहेर उभा आहे, तिचा हात कडीवर आहे, आणि तो म्हणतो, “आत येऊ का? नको म्हणालीस तर जातो.” एवढ्यात पाटलांचा गडी फाटकातून आत आला. पाटलांच्या लेकीच्या लग्नाची रजई होती, लाल साटीनची, ती झाली का बघायला. मी घाबरून पुस्तक समोरच्या कापसाच्या थरात सारलं. गडी काही हलेना, चहा पिऊन घरच्या गप्पा करत बसला. खाला आणि आक्का त्याच्या चहापाण्यात अडकलेल्या. साळूआत्यानं आपली कड शिवत आणली, वरचा कपडा ओढला, आणि बोटांनी चाचपत शेवटपर्यंत टाके घातले. कापूस नवा, फुगलेला. तिला काही लागलं नाही. मला ते दिसत होतं. गडी बसला होता, आणि मला परक्या पुरुषासमोर बोलता आलं नाही. गडी रजई खांद्यावर टाकून घेऊन गेला.

लग्न होऊन नवरी सासरी पोचल्यावर तिची सासू त्या रजईवर टेकली आणि म्हणाली, “ह्यात काय वीट भरली का?” रजई उसवली. कापसातून पुस्तक निघालं. नवरीच्या सासऱ्यानं ते चार लोकांत उघडलं, आणि उघडलं ते नेमकं वाचू नये तिथं. खालाच्या अंगणात वाचता येणारी मापाड्याचीच लेक, म्हणून दोन दिवसांनी पाटलांनी भर मोंढ्यात ते बापूंच्या तागडीत टाकलं. धान्याच्या पारड्यात. बापूंचं माप चालू होतं, ‘तेरा’ म्हणत होते. चौदा आलं नाही. घरात मी आवाजाची वाट बघत होते आणि आवाज आलाच नाही.

बापू खालाच्या अंगणात गेले. कापसाच्या खोलीतून बाकीची दहा काढली. खालाचा नवरा पिंजण सोडून उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, किताबं दुसऱ्याची हायेत,” पण बापूंनी ऐकलं नाही. घरी आणून त्यांनी ती न्हाणीच्या चुलाण्यापुढं टाकली आणि आम्हा दोघींना उभं केलं.

“कोणी आणली?”

ते माझ्याकडं बघत होते. वाचता मलाच येत होतं. मी आणली होती, मी निवडली होती, त्यातलं वाक्य न् वाक्य मला कळलं होतं, आणि ते बोलायला मला तोंड होतं. माझे ओठ हलले. बाकी काही झालं नाही.

“म्या आणायला लावली,” आक्का म्हणाली. “तिला काय कळतंय बापू? ती बाराखडी वाचल्यावानी वाचती. तिला बिलकुल समजत न्हाई त्यातलं.”

बापूंनी मला विचारलं, “खरं का द्वारके?”

मी मान हलवली. हो म्हणून.

मी अजूनही स्वतःला सांगते की मी काही बोलले नाही. पण मान हलवणं हेही बोलणंच असतं. बापूंनी एकेक पुस्तक चुलाण्यात घातलं. वर हंड्यात पाणी होतं. ते उकळलं, खळखळलं, आणि त्या पाण्यानं घरात कोणीच अंघोळ केली नाही. तसंच गार होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले. बापू म्हणाले, “रद्दीच होती ना? भाव सांगा, अकरा पुस्तकांचं वजन काढू. पैसे घ्या आन् पुन्हा ह्या दारात येऊ नका.” नाना ओसरीच्या पायरीवरच उभे होते. म्हणाले, “घेताना म्या किलोवर घेतली, बराबर हाय. पन् तुमच्या लेकींनी ती वाचायला नेल्ती. वाचायला नेलं ते पुस्तक. रद्दीच्या भावानं मी पैसे घेणार न्हाई. मागं छापलेली किंमत द्या, न्हाई तर बिलकुल देऊ नका.” अकरा पुस्तकांची किंमत एकशे अठ्ठावीस रुपये होत होती. बापू म्हणाले, “मंग न्हाई देत.” नानांनी वही काढली आणि विचारलं, “कोणाच्या नावावर लिहू?” आतून आक्काचा आवाज आला, “गयाच्या.” नानांनी लिहिलं आणि गेले. भांडले नाहीत. असल्या पुस्तकांची बाजू आमच्या गावात कोणी घेतली असेल तर ती त्या रद्दीवाल्यानं, आणि तीही एवढीच, की भाव कुठला लावायचा.

तिसऱ्या दिवशी बापूंनी आक्काला सासरी नेऊन सोडलं. संक्रांतीची वाट बघितली नाही, दाजींचीही नाही. यष्टीत बसताना ती मला म्हणाली, “तुझं लगीन व्हायचंय अजून. माझं झालं.” बातमी तिच्या आधी पोचली होती, पुस्तकातल्या त्या ‘आत येऊ का?’सकट. सासरी तिचं नावच ‘पुस्तकवाली’ पडलं. लोक दाजींना पारावर विचारायचे, काय हो, आज परवानगी मिळाली का? एखाद्या माणसाला दोनदा विचारायला जमलं असतं, पण लोक हसायला लागल्यावर जमत नाही. पुन्हा दाजी पेरू घेऊन आले नाहीत. पुढं ती माहेरी आली की मी विचारायची, कसं आहे? ती म्हणायची, “हाय तसंच.”

खालाच्या अंगणात नंतर वाचन झालं नाही. बापूंनी मला शिवायला जाऊ दिलं, कारण पैसे लागत होते. साळूआत्या कधीकधी सवयीनं माझ्या कडेचे टाके घालायला हात पुढं करायची आणि मग आठवून मागं घ्यायची. मी मजुरीतून आठवड्याला दोन रुपये काढून बाजाराच्या दिवशी नानांना द्यायची. काही न बोलता ठेवायची, ते आक्काच्या नावाखाली लिहायचे. निम्म्याच्या जरा वर गेले आणि माझं लग्न झालं.

मला राजूरला दिलं. ह्यांचं देवळाच्या रस्त्याला हारफुलांचं दुकान. पहिल्या रात्री मी भिंतीला चिकटून बसले होते. हे म्हणाले, “तुम्ही जेवलाच न्हाईत. भूक लागली असंल. धपाटे आणू का?” मी रडायला लागले, आणि ह्यांना वाटलं माहेरची आठवण आली. जे आक्कानं मागितलं ते मला न मागता मिळालं. याचा मला आनंद कधी पुरता घेता आला नाही, आणि हे मी ह्यांना त्यांच्या शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली आणि आक्काला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. पोटात गाठ होती. बाईच्या जागेचं दुखणं, ती कोणाला सांगत नव्हती. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मी तिच्याजवळ आठ दिवस राहिले. एका दुपारी ऊन खिडकीतून तिच्या पायांवर आलं होतं. बाजूच्या खाटेवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली, सुनेनं घरचं काम आणून दिलेलं. आक्का एकदम म्हणाली, “द्वारके, ती मंदा.”

“कोण मंदा?”

“खानावळीतली. दार उघडलं का गं तिनं?”

पुढचं मी वाचलंच नव्हतं. आमच्यात नियम होता, चौघी बसल्याशिवाय पान उलटायचं नाही. मी खरं सांगणार होते. पण तिनं इतकी वर्षं ते दार तसंच धरून ठेवलं होतं.

“उघडलं,” मी म्हणाले. “पण लगेच नाही. आधी तिनं आतूनच विचारलं, उद्याही असंच विचाराल का? तो म्हणाला, उद्याही आणि परवाही.”

“मंग?”

मग मी सांगत गेले. समोर कागद नव्हता. त्यानं चपला बाहेर काढल्या. तिनं पाणी दिलं. दिवा तिनं मालवला नाही, कारण तिला त्याचं तोंड बघायचं होतं. त्यानं विचारलं, केस सोडू का? दिवसभर चुलीपुढं बांधलेले तिचे केस त्यानं सोडले, आणि तिच्या मानेवर पिठाचा हात लागला होता तो पुसला. मी पुढचंही सांगितलं. त्याचा हात कुठं होता, तिचा कुठं होता, ती थांब म्हणाली तेव्हा तो थांबला, आणि नंतर तिनंच त्याला जवळ ओढलं. तिला छताची आठवण झाली नाही. सगळं सांगितलं, माझ्या नेहमीच्या आवाजात. खोकला आला नाही. बाजूच्या म्हातारीनं लसूण सोलायचा थांबवला होता.

आक्का डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, “चांगली हाय.” मग डोळे उघडून म्हणाली, “तुला समजत होतं सगळं.”

“हो आक्का.”

“मला ठाव होतं.”

त्यानंतर ती पाच दिवस होती.

आज माझी नात मोबाईलवर काही वाचत असते आणि मी खोलीत आले की पडदा काळा करते. मला ओळखू येतं ते काय आहे. मी तिला एवढंच विचारलं, “त्यातला माणूस विचारतो का गं?” ती लाजली, मग हसून म्हणाली, “विचारतो आजी.” मी म्हटलं, मग वाच. मारामाऱ्यांची, खुनाची पुस्तकं लोक ओसरीवर बसून वाचतात आणि कोणी त्यांना चुलीत घालत नाही. माझ्या बहिणीला पाच वर्षांत जे कोणी सांगितलं नाही, आई नव्हती, सासूनं नाही, डॉक्टरनंही नाही, ते नंबर टाकलेल्या फाटक्या पुस्तकांनी सांगितलं. त्यांनी तिचं घर मोडलं असं बापू मरेपर्यंत म्हणत राहिले. मी त्या घरात होते. पुस्तकांनी ते घर जोडायला घेतलं होतं.

एक सांगायचं राहिलं. तेव्हा, आक्काचं दिवसकार्य झाल्यावर, मी तीर्थपुरीला गेले. नाना थकले होते, डोळ्यांना जाड भिंग. दुकानात आता नुसती रद्दी होती. मी छपन्न रुपये मोजून त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी जुनी वही शोधली, पान उलटलं, आणि मोजून बघितले. “पुरे झाले,” म्हणाले. “एकशे अठ्ठावीस. गयाबाईचं खातं मिटलं.” आणि खोडायला पेन उचललं.

“थांबा नाना.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पेपरचा गठ्ठा घेऊन आलेली, अनोळखी पुरुष. ते बघत होते.

“ते नाव चुकलंय,” मी म्हणाले. “पुस्तकं मी नेली होती. मी निवडली होती. मला सगळं समजत होतं. आधी तिचं नाव काढा आणि माझं लिहा.”

नानांनी भिंगातून माझ्याकडं बघितलं. मग ‘गया’ हे नाव पुसट होईस्तोवर बोटानं घासलं, ते जाईना म्हणून त्यावर बारीक कागद चिकटवला, आणि त्यावर जांभळ्या शाईनं लिहिलं, ‘द्वारका’. शाई वाळू दिली. वही माझ्याकडं फिरवली, मी नाव वाचलं. मग त्यांनी त्यावर एक सरळ रेघ मारली.